कानाचे मशीन: दुरुस्त करावे, बदलावे की दुसऱ्या कंपनीचे घ्यावे?

श्रवणयंत्राचे आयुष्य साधारण पाच वर्षे धरावे असे सांगितले जाते आणि ढोबळमानाने ते बरोबरही आहे. तरीही माझ्या आईची पहिली जोडी आठ वर्षे चालली, तर आमच्याच इमारतीतल्या एका काकांची जोडी चौथ्या पावसाळ्यात गेली. काका सकाळी घामाघूम होऊन फिरून येत आणि मशीन तसेच डबीत टाकत. आई मात्र रात्री सेल काढून, मशीन कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवत असे. म्हणून ऐकू कमी येऊ लागले की बिलावरची तारीख पाहण्याआधी त्यामागचे कारण शोधावे. ते तीनच ठिकाणी सापडते: कान बदललेला असतो, मशीन थकलेले असते किंवा कान आणि मशीन यांच्यामधला जोड बिघडलेला असतो. जोड म्हणजे मोल्ड (कानाच्या मापाचा बनवलेला तुकडा), नळी, डोम (कानात बसणारी मऊ रबरी टोपी), वॅक्स गार्ड (मळ अडवणारी जाळी) आणि संगणकावरून केलेले सेटिंग. सर्वांत कमी खर्चात सुटणारे बिघाड या जोडात असतात आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आईचे उजवे मशीन मध्येच बंद पडू लागले. घरात पंख्याखाली ते व्यवस्थित चाले, पण विलेपार्ल्याला एसी लोकलमध्ये चढून दोन-तीन स्टेशने गेली की उजवा कान गप्प होई. आम्ही एका सेंटरवर गेलो. तिथेही एसी जोरात चालू होता, त्यामुळे मशीन तिथेही गप्पच राहिले आणि काउंटरवरच्या गृहस्थांनी ते गेल्याचे सांगून नव्या जोडीचे एक लाख ऐंशी हजारांचे कोटेशन हातात ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या ऑडिओलॉजिस्टबाईंकडे (श्रवणतज्ज्ञांकडे) गेलो, त्यांनी कोणतेही यंत्र न लावता मोल्डची पारदर्शक नळी फक्त उजेडात धरली. नळीच्या वळणावर मोहरीएवढा पाण्याचा थेंब अडकला होता. कानातली उबदार, दमट हवा थंड नळीत शिरली की तिचे बाष्प जमते आणि आवाज त्या थेंबापाशी अडतो. बाईंनी रबरी फुग्याच्या ब्लोअरने नळी फुंकली, जुनी कडक झालेली नळी काढून जाड भिंतीची बसवली आणि तीनशे रुपये घेतले. ते मशीन पुढे दीड वर्ष चालले.

घरी काय तपासावे

सर्वप्रथम सेल. या सेलचे चार प्रचलित आकार असून सेलवर चिकटवलेल्या पट्टीच्या रंगावरून ते ओळखता येतात: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी आणि ६७५ ला निळा. हे झिंक-एअर सेल असतात, म्हणजे पट्टी काढल्यावर आत हवा शिरते तेव्हाच ते जागे होतात. म्हणून पट्टी काढून मिनिटभर थांबावे आणि मगच सेल बसवावा. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. नवा सेल घालूनही आवाज आला नाही, तर वॅक्स गार्ड बदलावा. ज्या मशीनचा स्पीकर, म्हणजे रिसीव्हर, बारीक तारेने थेट कानात जातो, त्याच्या टोकाला ही नखाएवढीही नसलेली पांढरी जाळी असते आणि कानातला मळ तिथे बसला की मशीन मेल्यासारखे वाटते. मोल्डचे मशीन असेल तर नळी वाकवून पाहावी. ती पिवळट आणि ताठ झाली असेल, तर काही बिघाड नसतानाही आवाज पातळ होतो आणि शिट्टी वाजू लागते. मुंबईच्या हवेत तीन ते सहा महिन्यांनी नळी बदलणे इष्ट.

यानंतर एक चाचणी करावी, जिला पैसाही लागत नाही. मशीन घातलेल्या व्यक्तीच्या मागे सुमारे एक मीटर अंतरावर उभे राहून, नेहमीच्या आवाजात आणि क्रम बदलत आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणावेत आणि त्या व्यक्तीने ऐकू येईल तसे परत म्हणावे. एका वेळी एकच कान तपासावा. दुसरे मशीन काढून तो कान बोटाने बंद करावा. ऑडिओलॉजिस्ट मंडळी ही चाचणी ‘लिंगचे सहा ध्वनी’ या नावाने ओळखतात. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीत असतात, ‘श’ आणि ‘स’ वरच्या, आणि बोलण्याचा जवळपास सगळा पल्ला या सहांत येतो. मी हा निकाल आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी चहाच्या वेळी लिहीत असे. एका आठवड्यात दिसले की डाव्या कानाला ‘स’ सकाळी ऐकू येतो आणि संध्याकाळी येत नाही. कानाची श्रवणशक्ती सहसा सकाळ-संध्याकाळ अशी हेलकावत नाही, तेव्हा संशय मशीनवर गेला, आणि पुढे रिसीव्हर ओलाव्याने खराब झाल्याचे निघाले. नुसते ‘बरोबर ऐकू येत नाही’ असे सांगण्यापेक्षा अशी नोंद तपासणाऱ्याच्या कितीतरी जास्त उपयोगी पडते.

कान बदलला आहे का

घरची तपासणी करूनही फरक पडला नाही, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवावा. मशीन वापरणाऱ्यांच्या कानात मळ लवकर साचतो, कारण मोल्ड त्याची वाट अडवतो; तो तज्ज्ञांकडूनच काढून घ्यावा, पिनेने किंवा कापसाच्या काडीने कोरू नये. एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही: एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणे घटले असेल, तर मशीनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर गेलेली श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता घटत जाते.

कान स्वच्छ असल्याची खात्री झाली की नवा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, काढावा आणि जुन्याशेजारी ठेवून वाचावा. आडव्या अक्षावर २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर असतात आणि उभ्या अक्षावर डेसिबल. उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्याची निळी फुली असते. पाच डेसिबलचा फरक दोन तपासण्यांत सहज पडतो, त्याने घाबरू नये. दोन-तीन स्वरांवर दहा किंवा त्याहून जास्त डेसिबलची घसरण दिसली, तर कान खरोखर बदलला आहे असे समजावे. ऑडिओग्रामबरोबर शब्द ओळखण्याची चाचणीही आवर्जून करून घ्यावी आणि ती मराठी शब्दांवर करण्याची विनंती करावी. आयुष्यभर मराठी ऐकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दांवर मिळालेले गुण फसवे असतात. ‘ऐकू येते पण समजत नाही’ आणि भाजीवाल्याचे ‘सात’ ‘साठ’ वाटते, ही तक्रार याच चाचणीत आकड्याने दिसते. आवाज पुरेसा मोठा करूनही निम्म्याहून कमी शब्द ओळखता येत असतील, तर जगातल्या सर्वांत महागड्या मशीनकडूनही फार अपेक्षा ठेवता येत नाही, आणि अशा व्यक्तीने कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या उपकरणासाठी) तपासणी करून घेण्याबाबत तज्ज्ञांशी बोलावे.

कान बदलला म्हणजे मशीन बदलावेच लागते असेही नाही. प्रत्येक मॉडेल किती डेसिबलपर्यंतच्या कमतरतेला पुरे पडते याचा एक तक्ता असतो; तो पडद्यावर उघडून आपला ऑडिओग्राम त्यात कुठे बसतो ते दाखवण्यास सांगावे. मर्यादेच्या आत थोडी जागा शिल्लक असेल, तर नव्या ऑडिओग्रामनुसार पुन्हा प्रोग्रॅमिंग करून काम भागते. रिसीव्हर कानात जाणाऱ्या मशीनमध्ये मध्यम शक्तीचा ‘एम’ रिसीव्हर काढून त्याच मशीनला अधिक शक्तीचा ‘पी’ लावता येतो, मात्र त्यासोबत शिट्टी टाळण्यासाठी सैल डोमऐवजी मापाचा मोल्ड करावा लागण्याची शक्यता असते. आईच्या डाव्या कानासाठी आम्ही हेच केले. नव्या जोडीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो आणि एकाच मशीनच्या आयुष्यात दोनदाही करता येतो.

बदलायलाच हवे, ते कधी

दुरुस्तीला दिलेले मशीन पुन्हा त्याच तक्रारीने सहा महिन्यांत परत आले, तर त्यावर पुन्हा पैसे घालू नयेत. कंपनीने त्या मॉडेलचे सुटे भाग देणे बंद केले असेल, तर निर्णय आपोआप होतो. हे सेंटरवर तोंडी न विचारता लेखी विचारावे, कारण ‘आता पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य विक्रीसाठीही वापरले जाते. चार्जिंगच्या मशीनमधली लिथियम-आयन बॅटरी चार-पाच वर्षांत मंदावते. सकाळी पूर्ण चार्ज केलेले मशीन दुपारच्या चहापर्यंत टिकत नसेल, तर आधी फक्त बॅटरी बदलून मिळते का ते पाहावे. काही मॉडेलमध्ये ती कंपनीकडे पाठवून बदलता येते, काहींत संपूर्ण कवचच बदलावे लागते. कान मशीनच्या मर्यादेबाहेर गेला असेल तर अर्थातच बदल अटळ आहे.

निर्णयाआधी एक चाचणी मागून घ्यावी. ध्वनिरोधक छोट्या पेटीत मशीन ठेवून ते किती आवाज वाढवते, किती विकृत करते आणि सेलमधून किती विद्युतप्रवाह ओढते हे मोजता येते, आणि तो आलेख कंपनीच्या मूळ आलेखाशी ताडता येतो. आलेख जुळत असेल, तर मशीन ठीक आहे आणि दोष सेटिंगमध्ये किंवा जोडात आहे. ज्या सेंटरकडे ही पेटी नाही, त्यांचे ‘मशीन गेले’ हे निदान निदान म्हणून घेऊ नये. दुरुस्ती करायची ठरली, तर वॉरंटी संपलेल्या मशीनवर दुरुस्तीनंतर किती महिन्यांची हमी मिळते ते विचारावे आणि खर्चाला त्या महिन्यांनी भागून पाहावे. हे साधे गणित अनेकदा वाद मिटवते.

कंपन्यांची तुलना कशी करावी

दुकानात दहा-बारा नावे दिसतात, पण त्यामागचे मोठे गट पाचच आहेत. स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे फोनॅक आणि युनिट्रॉन, डेन्मार्कच्या डेमांटकडे ओटिकॉन आणि बर्नाफोन, तर २०१९ मध्ये सिवांटोस आणि वायडेक्स एकत्र होऊन झालेल्या डब्ल्यूएस ऑडिओलॉजीकडे सिग्निया, वायडेक्स आणि रेक्सटन आहेत. रीसाउंड जीएनचा ब्रँड आहे आणि स्टारकी ही अमेरिकी कंपनी. मुंबईत आजही कितीतरी वडीलधारी माणसे ‘सीमेन्सचे मशीन’ मागतात. सीमेन्सने हा व्यवसाय २०१५ मध्ये विकला आणि तीच परंपरा आता सिग्निया या नावाने येते. फिलिप्सच्या नावाची मशीनेही डेमांटच बनवते. तेव्हा दोन ‘वेगळ्या’ कंपन्यांचे भाव घेताना आपण एकाच घरातली दोन भावंडे तर तोलत नाही ना, हे आधी पाहावे.

त्यानंतर श्रेणी. प्रत्येक कंपनी एकच मॉडेल तीन-चार पायऱ्यांवर विकते; कवच आणि रिसीव्हर बहुधा तेच असतात, वरच्या पायरीवर सॉफ्टवेअरच्या आणखी सोयी खुल्या केलेल्या असतात. या पायऱ्यांचे आकडे परस्परांशी ताडू नयेत. फोनॅकमध्ये ३० पासून ९० पर्यंत चढत जाते, वायडेक्समध्ये ११० पासून ४४० पर्यंत, सिग्नियात ७ हा वरचा, तर ओटिकॉनमध्ये १ हा सर्वांत वरचा. ‘यांचे तीन नंबरचे, त्यांचे सात नंबरचे, म्हणजे ते चांगले’ असा हिशेब मी प्रत्यक्ष ऐकला आहे, आणि त्यात ग्राहकाचा काही दोष नाही. पायरीचा खरा फरक गोंगाटात जाणवतो. शांत घरात दोन-तीन माणसांशी बोलणाऱ्या व्यक्तीला खालून दुसरी पायरीही पुष्कळ होते. रोज कार्यालयात बैठका घेणाऱ्याला किंवा शिकवणाऱ्याला वरची परवडली तर घ्यावी. चॅनेलच्या, म्हणजे मशीन आवाज ज्या पट्ट्यांत विभागून हाताळते त्यांच्या, संख्येला मात्र भुलू नये. एका मर्यादेपलीकडे चॅनेल वाढवून समजण्यात फारसा फरक पडत नाही, आणि बिलावर ती रक्कम दिसते.

कंपन्यांचे स्वभाव वेगळे आहेत हे खरे. फोनॅकची ब्लूटूथ मशीने साध्या ब्लूटूथवर चालतात, त्यामुळे ज्यांच्याकडे आयफोन किंवा नवा अँड्रॉइड नाही अशा आजोबांच्या बटणांच्या फोनलाही ती जोडता येतात, आणि त्यापोटी बॅटरी थोडी जास्त खर्च होते. थेट आयफोनशी जोडले जाणारे पहिले मशीन रीसाउंडने २०१४ मध्ये आणले. सिग्नियाने ‘माझाच आवाज मला विहिरीतून आल्यासारखा वाटतो’ या तक्रारीसाठी स्वतःचा आवाज वेगळा ओळखणारी सोय दिली. वायडेक्सच्या काही मॉडेलमध्ये आवाज प्रक्रियेत अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ जातो. गाणे-बजावणे करणाऱ्यांना त्या आवाजाचा नैसर्गिकपणा आवडतो. स्टारकीच्या काही मॉडेलमध्ये पडल्यास घरच्यांना संदेश जाण्याची सोय आहे. एकाच वेळी अनेकांच्या मशीनवर आवाज पाठवणारी ब्लूटूथची नवी ऑराकास्ट पद्धत बऱ्याच कंपन्या आणत आहेत; सभागृहांत ती बसेपर्यंत तिच्यासाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. याउलट टेबलावर ठेवायचा किंवा बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा वेगळा माइक वरच्या पायरीच्या मशीनपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो, कारण तो आवाज बोलणाऱ्याच्या तोंडापाशीच पकडतो.

तुलना करताना सर्वांत मोठी चूक ट्रायलमध्ये होते. आईने पहिल्या कंपनीचे मशीन लावले आणि म्हणाली, “हे छान आहे गं, स्वच्छ येतंय.” दुसरे लावले, तर “हे जरा दबकं आहे.” बाईंनी दोन्ही मशीने कानात असतानाच आवाज मोजला. कानाच्या पडद्याजवळ एक बारीक नळी सरकवून प्रत्यक्ष पोहोचणारा आवाज मोजायची ही पद्धत ‘रिअल इअर मेजरमेंट’ या नावाने ओळखली जाते. पहिले मशीन फक्त जास्त मोठे लावलेले होते. दोन्ही एकाच सूत्राने (ऑडिओग्रामवरून आवाज किती वाढवायचा हे ठरवणाऱ्या हिशेबाने), एकाच लक्ष्यावर आणल्यावर आईला स्वयंपाकघरात फरक सांगता येईना. पार्ल्याच्या बाजारात मात्र दुसरे बरे वाटले आणि तेच घेतले. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना रिसीव्हरची शक्ती, मोल्ड किंवा डोम आणि सेटिंगचे सूत्र समान ठेवण्याचा आग्रह धरावा. प्रौढांसाठी बहुधा ऑस्ट्रेलियात तयार झालेले नॅल हे सूत्र वापरतात. ट्रायल सेंटरच्या शांत खोलीपुरती न ठेवता मशीन घेऊन बाहेर पडावे: बेस्टच्या बसमध्ये, मासळीबाजारात, कुकरची शिट्टी होत असताना, आणि फलाटावर दादरची घोषणा होत असताना. नव्या आवाजाला मेंदू सरावण्यास काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या मतावर सौदा करू नये.

कुणाकडून घ्यावे

माझ्या मते कंपनीपेक्षा मशीन लावणाऱ्या व्यक्तीची निवड जास्त परिणाम करते. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी; नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. तपासणीची खोली ध्वनिरोधक आहे का, आणि उपकरणांचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाच्या अचूकतेची तपासणी, शेवटचे कधी झाले, हेही विचारावे. रस्त्याकडेच्या दुकानात, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना काढलेल्या ऑडिओग्रामवर लाखभर रुपये लावणे शहाणपणाचे नाही. काही साखळी दुकाने मशीनचे सॉफ्टवेअर कुलूपबंद ठेवतात, म्हणजे ते त्यांच्याच शाखेत उघडते. बदलीमुळे किंवा मुलाकडे राहायला जाण्यामुळे शहर बदलणार असेल, तर हे खरेदीआधी स्पष्ट करून घ्यावे. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर थांबावे. दिलेल्या किमतीत किती वर्षांची वॉरंटी, किती वेळा मोफत प्रोग्रॅमिंग आणि किती मोल्ड येतात, हे बिलावरच लिहून घ्यावे.

जोडीच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. ज्यांना खाजगी सेंटर झेपत नाही किंवा ज्यांना विक्रीचा संबंध नसलेले दुसरे मत हवे आहे, त्यांनी वांद्रे रेक्लमेशनजवळची, वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचा ऑडिओलॉजी विभाग गाठावा. रांग असते, सकाळ मोडते, पण तपासणी नीट होते. दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत श्रवणयंत्र मिळते आणि वांद्र्याच्या संस्थेत त्याची चौकशी करता येते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना एकदाच ३,००० रुपये मिळतात. एवढ्यात चांगले डिजिटल मशीन येत नाही, पण सेलचा बराच खर्च निघतो.

नवी जोडी घरी आली म्हणून जुनी भंगारात देऊ नये. तिचे सेल काढावेत, नळ्या बदलाव्यात, नव्या ऑडिओग्रामवर तिचेही प्रोग्रॅमिंग करून घ्यावे आणि ती सिलिका जेलच्या डबीत ठेवावी; दाण्यांचा रंग उतरला की ते बदलावेत. नवी जोडी दुरुस्तीला गेली, तर ती परत येईपर्यंतच्या दिवसांत हीच कानाला लागते. आईची जुनी जोडी देवघराच्या खणात आहे, आणि गेल्या ऑगस्टमध्ये तिने अकरा दिवस काम केले.